कागदाबाहेर आलेली दोरी

डेलमार कुबिकच्या घशातली गाठ डॉक्टरांनी कापून काढली आणि विलो फोर्क गावात शांतता पसरली, असं लोक सांगतात. त्याची बायको अर्डिथ मात्र असं म्हणत नाही. तिचं म्हणणं, शांतता गावात पसरली असेल, आमच्या घरात काही ती आली नाही.

गुरांच्या बाजारात डेलमारनं उभी हयात लिलाव पुकारला. नेब्रास्काच्या त्या भागातली क्वचितच एखादी गाय असेल, जिची किंमत त्याच्या जिभेवरून खाली उतरली नाही. तो पुकारा म्हणजे बोलणं नव्हे, गाणं नव्हे. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा एकसलग आवाज, आणि त्या आवाजातून आकडे चढत जायचे. मरतुकडं वासरू असलं तरी डेलमार त्याच्या आईचं, आजीचं, त्याच्या डोळ्यांतल्या हुशारीचं असं काही वर्णन करायचा, की घेणाऱ्याला आपण वासरू नाही तर जावई घरी नेतोय असं वाटायचं.

डॉक्टर म्हणाले, "पुकारा बंद. कायमचा. साधं बोलणं चालेल, पण माफक."

माफक हा शब्द डेलमारनं ऐकला होता, वापरला कधीच नव्हता.

पुढचे काही आठवडे अर्डिथनं कसेबसे काढले. मग एका सकाळी त्यानं हलक्या आवाजात टोस्टचा लिलाव पुकारला. "कडा खरपूस, लोणी ताजं, मालकीण प्रेमळ, कोण घेतं, कोण घेतं?"

"कुत्र्याची एक बोली आहे," अर्डिथ म्हणाली. टोस्ट तिनं कुत्र्याला टाकला आणि गाडीची किल्ली उचलली. "चल, बस गाडीत."

"कुठे?"

"जिथे दुसरं कुणीतरी तुझं ऐकेल तिथे."

गावाबाहेर मक्याच्या शेतांना लागून कम्युनिटी कॉलेज आहे. विटांची बसकी इमारत, भलंमोठं पार्किंग, आणि वाऱ्यानं सतत दोरी वाजवणारा झेंड्याचा खांब. आमच्याकडे पोरं तिथे जातात, नोकरी सुटलेले बाप जातात, घटस्फोटानंतर आया जातात. साठी ओलांडलेला लिलाववाला आला म्हणून प्रवेशाच्या खिडकीतल्या बाईला काही नवल वाटलं नाही. वेल्डिंगचा वर्ग भरला होता. नर्सिंगमध्ये आजाऱ्यानं बोलायचं आणि नर्सनं ऐकायचं असतं, म्हणून ते अर्डिथनंच खोडलं. उरलं ग्राफिक डिझाइन आणि डिजिटल माध्यमं.

"यात दिवसभर स्क्रीनकडे बघत गप्प बसायचं असतं ना?" अर्डिथनं विचारलं.

"बहुतेक," खिडकीतली बाई म्हणाली.

"घाला नाव."

तशी डेलमारला त्या कामाची अगदीच ओळख नव्हती असं नाही. लिलावाची जाहिरातपत्रकं वर्षानुवर्षं तोच लिहून छापून आणायचा. म्हातारा शेतकरी वारला की त्याच्या घरचं सगळं विकायला निघायचं: ट्रॅक्टर, नांगर, शिलाई मशीन, लग्नातला पलंग, काचेची बरणी, बरणीतली बटणं. सगळं एका कागदावर मावलं पाहिजे. कोपरा रिकामा राहिला तर डेलमारला वाटायचं आपण त्या घरच्यांना फसवतोय.

या सवयीवर टेसा लिंडक्विस्टच्या वर्गात गदा आली. टेसा ओमाहाची, तिशीची, गोल चष्म्याची. बाराही महिने काळे कपडे घालायची, त्यामुळे पहिलं वर्षभर गावातल्या बायका दर रविवारी हळूच विचारायच्या, "कोण गेलं गं?" तिच्या वर्गात एक रिवाज होता. त्याला पोरं 'भिंतीचा तास' म्हणायची. सगळ्यांनी आपापलं काम भिंतीवर टाचायचं. एकेकापुढे उभं राहून सगळ्यांनी त्यावर बोलायचं. आणि ज्याचं काम आहे त्यानं तोवर तोंडातून चकार शब्द काढायचा नाही.

"का म्हणून?" डेलमारनं पहिल्याच दिवशी विचारलं.

"कारण पोस्टर लागतं दुकानाच्या काचेवर. तिथे तुम्ही शेजारी उभे नसता," टेसा म्हणाली.

"राहीन की! मला सध्या कामच काय आहे?"

वर्ग हसला. टेसाही हसली, पण नियम सुटला नाही. त्या दिवशी डेलमारच्या पोस्टरपुढे पोरं उभी राहिली. त्यात अकरा तऱ्हेची अक्षरं होती आणि मोकळी जागा नव्हती. एक मुलगा म्हणाला, "हे वाचताना मला धाप लागली." डेलमारचा चेहरा बीटासारखा झाला. तोंड उघडलं, मिटलं, उघडलं. अखेर "अहो, पण ती लाल चौकट—" एवढं निसटलंच, आणि टेसानं बोट वर केलं.

त्याच्या शेजारी यारेली बसायची. एकोणीस वर्षांची, आई मांसाच्या कारखान्यात कामाला, कानांत हेडफोन, आणि जीभ डेलमारच्या तोडीची. फक्त ती कमी वेळा बाहेर काढायची. दुसऱ्या भिंतीच्या तासाला तिनं बॅगेतून चिंचेची तिखट गोळी काढून त्याच्या तळहातावर ठेवली.

"ही चघळा. संपेपर्यंत तोंड उघडलंत तर शर्टावर पडेल."

"आणि गिळली तर?"

"तर मग तुमचं ऑपरेशन पुन्हा."

गोळी जहाल होती. डेलमारच्या डोळ्यांतून पाणी आलं, शब्द आला नाही. तेव्हापासून भिंतीच्या तासाला यारेलीची गोळी आणि बदल्यात अर्डिथनं भाजलेले कोलाचे, म्हणजे जर्दाळू भरलेले गोड पाव, असा व्यवहार ठरला. व्यवहारात कोण फायद्यात होतं ते यारेलीच्या गालांवरून ओळखू यायचं.

आणि गंमत म्हणजे गड्याला ते काम आवडायला लागलं. केलेली चूक दोन बोटं दाबून परत फिरवता येते, याचं त्याला कोण अप्रूप! "आयुष्यभर विकलेली गाय कधी परत आली नाही," तो यारेलीला म्हणायचा, "आणि इथे बघ, दाबलं की गोठ्यात हजर." तो घरी स्क्रीनवर वाकून बसू लागला. अर्डिथला पहिल्यांदा भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली आणि ते घड्याळ इतका आवाज करतं हे तिला कळलं.

मग एप्रिलमध्ये टेसानं सांगितलं, की यंदा जत्रेचं पोस्टर या वर्गातून निवडणार.

जत्रा म्हणजे ऑगस्टमधली जिल्ह्याची जत्रा. गुरं, पाळणे, फळं भरलेल्या पाईच्या स्पर्धा, धडका मारून मोडायच्या जुन्या गाड्या. वर्षभर लोक एकमेकांवर रुसतात ते तिथे बोलता यावं म्हणून. तिचं पोस्टर पेट्रोल पंपापासून बँकेपर्यंत प्रत्येक काचेवर लागायचं. गेली काही वर्षं त्यावर एकाच मेंढीचा फोटो होता, आणि ती मेंढी मरूनही बराच काळ लोटला होता.

त्या दिवशी जेवताना डेलमार काही बोलला नाही. अर्डिथनं काटा खाली ठेवला. "दुखतंय का?"

"मला ते पोस्टर हवंय."

"मग कर की."

"तसं नाही गं. आजवर जे जे विकलं गेलं ते मी ओरडत होतो म्हणून. माल कसा होता कुणाला ठाऊक! आता माझी एक तरी वस्तू मी गप्प असताना उभी राहिली पाहिजे."

"आणि नाही राहिली तर?"

"तर मग मी नुसता आवाजच होतो, आणि तो डॉक्टरनं कापून टाकला. कॉलेज सोडीन, घरी बसेन."

"घरी नको," अर्डिथ पटकन म्हणाली. मग त्याच्या हातावर हात ठेवून, हळू आवाजात, "तू नुसता आवाज नव्हतास रे. पण तुला मी सांगून पटायचं नाही."

पहिल्या पोस्टरमध्ये त्यानं सगळी जत्रा कोंबली. पाळणा, गाय, डुक्कर, पाई, बँड, धडकेच्या गाड्या आणि कोपऱ्यात मेंढी, जुन्या ओळखीखातर.

यारेलीनं हेडफोन काढले. "कोण वारलं?"

"म्हणजे?"

"एवढं सामान विकायला काढलंय म्हणून विचारलं."

दुखलं त्याला. पण घरी जाऊन त्यानं डुक्कर काढून टाकलं. मग बँड काढला. एकेक वस्तू काढताना तो तिची माफी मागत होता, असं अर्डिथ शपथेवर सांगते. शेवटी एक वासरू उरलं, आणि त्याचंही त्यानं धड काढलं, पाय काढले, आणि राहिलं नुसतं नाक. कागदाच्या मधोमध मोठं, ओलं, गुलाबी, जरा कुतूहलानं पुढे आलेलं नाक. वर उघडं निळं आभाळ, त्यात तारीख. आणि वासराला बांधलेली दोरी नाकाखालून येत येत कागदाच्या कडेबाहेर निघून जात होती. दुसरं टोक चित्रात नव्हतंच.

यारेलीनं ते पाहिलं. तिचा हात पोटाशी किंचित वर आला आणि परत खाली गेला. डेलमारला वाटलं, हिला भूक लागली. त्यानं कोलाचे पुढे केले.

तिचं स्वतःचं पोस्टरही झकास होतं: काळ्या आभाळात फिरणारा मोठा पाळणा, पण चाकाच्या जागी चेरीची अख्खी पाई, तिचे कापलेले तुकडे म्हणजे बसायच्या टोपल्या. डेलमारनं पाहिलं आणि मनात म्हणाला, मेलो.

मेच्या सुरुवातीला जत्रेची समिती वर्गात आली. पाच जण, सगळे शेतकरी, धुतलेल्या जीन्स आणि कडक टोप्या. डेलमारनं या पाचांना इतकी गुरं विकली होती, की त्यांच्या बायकांपेक्षा त्यांच्या चेहऱ्यांचं वाचन त्यालाच जास्त जमायचं. पोस्टरं भिंतीवर लागली, नावं झाकलेली. नियम तोच: ज्यांचं काम, त्यांनी गप्प. यारेलीनं गोळी दिली. आज तिनं स्वतःही एक तोंडात टाकली.

पाच जणांनी मागच्या बाकावरून सगळं नीट पाहिलं. टेसानं एकेका पोस्टरशी उभं राहून विचारलं, "हे कुणाला आवडलं? हात वर करा."

एकही हात वर आला नाही. पहिल्याला नाही, दुसऱ्याला नाही, पाईच्या पाळण्याला नाही, वासराच्या नाकालाही नाही. शेवटच्या पोस्टरपर्यंत टेसाचा चेहरा तिच्या कपड्यांच्या रंगाचा झाला.

आता ओमाहाच्या माणसाला हे कसं कळणार? आमच्याकडे गुरांच्या बाजारात कुणी हात वर करत नाही. हात वर केला की शेजाऱ्याला कळतं गाय तुम्हाला हवीय, आणि तो मुद्दाम भाव चढवतो. म्हणून एकजण टोपीला बोट लावतो, दुसरा दातातली काडी या बाजूची त्या बाजूला करतो, तिसरा कान खाजवतो. ते फक्त पुकारणाऱ्यानं पाहायचं. ही सवय हाडात इतकी मुरलेली, की डेलमार समोर बसला असला की चर्चमध्येसुद्धा कुणी हात वर करत नाही. उगाच काहीतरी विकत घेतलं जायचं.

आणि इथे तर डेलमार पहिल्या रांगेत बसून मागे वळून बघत होता.

त्यानं पाहिलं होतं. टोपीला लागलेलं बोट पाहिलं, काडी सरकलेली पाहिली, कान पाहिला, बुटाच्या टोकानं टकटक करणारा पाय पाहिला. आणि तोंडात चिंचेची गोळी.

"बरं," टेसा खचलेल्या आवाजात म्हणाली, "एकही पसंत नसेल तर... तुमच्याकडे तो मेंढीचा फोटो आहेच म्हणा."

पाचही जण गोंधळून एकमेकांकडे बघू लागले. पोस्टरं काढायला टेसानं पहिल्या टाचणीला हात घातला.

डेलमारनं गोळी तळहातावर काढली. "टेसा मॅडम, नियम मोडतो. मतं पडलीत."

"कुठे पडली?"

"चौघांनी दिली. तुम्ही हातांकडे बघत होतात."

आणि मग त्यानं सांगितलं. पोरं बाकांवर लोळायची बाकी राहिली. समितीतले पाच जण कानापर्यंत लाल झाले. काडीवाला कुरकुरला, "आमच्या बापानं नाही कधी हात वर केला, आम्ही बरा करू!"

हसू ओसरल्यावर टेसानं चष्मा पुसला. "मग तुम्हीच घ्या मतं, डेलमार."

"माझं स्वतःचं त्यात आहे. मी बाहेर जातो."

"गेलात तर वाचणार कोण?"

डेलमार भिंतीशी उभा राहिला. पुकारा नाही, हलका आवाज, पण पाठ आपोआप ताठ झाली. एकेक पोस्टर झालं. पाईच्या पाळण्याला टोपी आणि काडी. दोन. वासराच्या नाकाला कान आणि बूट. दोन. बाकीच्यांना काही नाही. पाचवा होता ओर्व्हिल टिट्झ. बाजारात ओर्व्हिलची बोली म्हणजे डावा डोळा मिटणं, हे तर वर्गातल्या अर्ध्या पोरांनाही घरून ठाऊक होतं. आणि डेलमार स्वतःच्या पोस्टरला बोट लावून उभा असताना ओर्व्हिलचा डावा डोळा मिटला. उघडला. पुन्हा मिटला.

"मिटला! मिटला!" कुणीतरी ओरडलं.

तीन म्हणायचं. एवढंच. एक शब्द, आणि ऑगस्टभर ते नाक गावाच्या प्रत्येक काचेवर.

डेलमारनं ओर्व्हिलकडे पाहिलं. त्यानं उभ्या आयुष्यात कुणी न दिलेली बोली धरली नव्हती; नसलेली बोली घेणाऱ्याला आमच्याकडे पाणीसुद्धा विचारत नाहीत. आणि हा डोळा मघाशी पाईला मिटला होता, त्याआधी दरवाज्याला मिटला होता, आग विझवायच्या नळकांड्यालाही मिटला होता.

"ही बोली नाही," डेलमार म्हणाला. आवाज जरा फाटला, पण घशामुळे नव्हे. "ओर्व्हिलच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय मागच्या आठवड्यात. तो डोळा हल्ली सगळंच विकत घेतोय."

यारेलीनं कपाळावर हात मारला.

"बरोबर बोलला," ओर्व्हिल उठत म्हणाला. "मला इथून काय घंटा दिसतंय! रंग दिसतात नुसते. जवळ जाऊन बघू का, बाई?"

"या ना," टेसा म्हणाली.

ओर्व्हिल आला. पाईच्या पाळण्यापुढे थांबला. "भूक लागली बघून," म्हणाला. मग वासराच्या नाकापुढे आला. वाकला. चांगलं डोळे ताणून पाहिलं. डेलमारनं गोळी परत तोंडात टाकली होती, आणि दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते. सांगावंसं किती वाटत होतं! की हे नाक अमक्याच्या तपकिरी गाईच्या वासराचं, की ओला रंग जमेना म्हणून आठवडा गेला, की आभाळ मुद्दाम मोकळं सोडलंय. काही म्हणजे काही बोलला नाही.

ओर्व्हिल सरळ झाला. डोळा मिटला नाही, कान खाजवला नाही. त्याचा उजवा हात कमरेपाशी सावकाश वर आला, जिथे दोरी कागदातून बाहेर पडत होती बरोबर तिथे, आणि मूठ वळली. लहानपणी कधीतरी जत्रेच्या रिंगणात पहिलं वासरू घेऊन उभं राहताना वळली असेल तशी. तो तसाच उभा राहिला, रिकामी मूठ धरून, आणि आपण काय करतोय हे त्याला ठाऊक नव्हतं.

डेलमारनं पाहिलं. पण स्वतःच्याच पोस्टरचं मत सांगणारा तो कोण!

"थांबा," टेसा म्हणाली. ती ओर्व्हिलच्या मुठीकडे बघत होती. "ही बोली आहे ना?"

ओर्व्हिलनं दचकून आपल्या हाताकडे पाहिलं. मग हसला. "असणार. दोरी हातात आलीय म्हटल्यावर सोडणार कशी?"

मग जो गलका झाला त्यात कुणाचंच काही ऐकू येईना. यारेलीनं डेलमारच्या पाठीत असा गुद्दा घातला की गोळी खरंच शर्टावर पडली. "मी पहिल्याच दिवशी धरली होती ती दोरी! आणि तुम्ही मला कोलाचे काय देताय!"

"मला वाटलं भूक लागलीय."

"ती पण लागली होती."

पाईचा पाळणाही रिकाम्या हातानं गेला नाही. टोपीवाला म्हणाला, की पाईच्या स्पर्धेच्या तंबूवर हे लागलं नाही तर माझी बायको मला तंबूबाहेर झोपवेल. समितीनं तेही ठरवून टाकलं, आणि या वेळी पाचांनी हात वर केले, लाजत लाजत, खांद्यापर्यंतच.

जुलैत पोस्टर लागलं. अर्डिथ गाडीत पेट्रोल भरायला थांबली आणि डेलमार आत कॉफी आणायला गेला. बाहेर आला तर काचेपुढे एक परका ट्रकवाला उभा, तरणा, हातात सँडविच. तो पोस्टर बघत होता. डेलमार त्याच्या मागे जाऊन थांबला. कॉफी हातात निवत होती. तोंड उघडलं, मिटलं. गोळीही नव्हती आज.

ट्रकवाल्यानं मागे पाहिलं. "काका, तुम्ही इथलेच का?"

"अं... हो."

"इथे जत्रा असते वाटतं. हे बघा, चौदा तारखेला." त्यानं काचेवर बोट टेकवलं. "नाक बघा काय आहे! हात लावला तर ओला होईल. पोरीला घेऊन येणार मी. तुम्हीही या की, घरी बसून काय करता?"

"बघतो," डेलमार म्हणाला.

"बघतो नाही, याच. चुकवाल तर पस्तावाल."

ट्रक निघून गेला. डेलमार गाडीत येऊन बसला, दोन्ही कप मांडीवर, समोर बघत.

"काय म्हणत होता तो इतका वेळ?" अर्डिथनं विचारलं.

"मला जत्रेला बोलवत होता."

अर्डिथनं त्याच्याकडे पाहिलं, काचेवरच्या नाकाकडे पाहिलं, आणि इतकी हसली की तिच्या हातानं हॉर्न वाजला. "मग तू काय म्हणालास?"

"बघतो म्हणालो."

"एवढंच?"

"एवढंच!" डेलमार म्हणाला, आणि मग त्याला राहवेना. गाडी रस्त्याला लागेपर्यंत त्यानं सुरुवात केली होती: ट्रकवाला कसा उभा होता, सँडविच कसलं होतं, बोट नेमकं कुठे टेकवलं. घर येईस्तोवर तो बोलत राहिला, घशाची पर्वा न करता, आणि अर्डिथनं त्याला एकदाही थांबवलं नाही. उलट घराचं वळण आलं तेव्हा ती पुढेच निघून गेली, नदीच्या बाजूनं लांबचा रस्ता घेतला.